शिकाऊ वैद्याचा हात आणि सहा महिन्यांच्या बाळाचा कान

१/ दाईच्या मांडीवर सहा-सात महिन्यांचे मूल आहे. खेळणी दाखवून त्याला रमवले जात आहे. वैद्य डाव्या हाताने कानाची पाळी ओढून उन्हासमोर धरतो आणि जिथून प्रकाश आरपार दिसतो, तिथेच उजव्या हाताने सुई सरळ नेतो. कर्णवेधाचे हे वर्णन सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, १६व्या अध्यायात आहे.

२/ हात अननुभवी असेल तर? ग्रंथ थेट परिणाम सांगतो. रक्त फार वाहिले, वेदना फार झाली, तर सुई भलत्या जागी गेली असे जाणावे. अजाण माणसाने पाळीतील शिरा विंधल्या, तर शिरेगणिक उपद्रव वेगळा. कालिका विंधली तर ज्वर, दाह, सूज. मर्मरिका विंधली तर ज्वर आणि गाठी. लोहितिका विंधली तर मान ताठरणे, आचके, डोके जखडणे, कानात शूळ. आजच्या वाचकाला ही शेवटची यादी वाचून धनुर्वात आठवल्यावाचून राहत नाही. कान टोचणे हा केवळ संस्कार नव्हता. चुकला तर तो जिवावर बेतणारा होता.

३/ वाढवलेली पाळी पुढे दुभंगली, तर ती जोडण्याचे १५ प्रकार दिले आहेत. त्यांतले शेवटचे ५ असाध्य, असे ग्रंथकार स्वतःच नोंदवतो. हा प्रांजळपणा उल्लेखनीय आहे. पाळी उरलीच नसेल, तर गालाचे जिवंत मांस मुळाशी जोडलेले ठेवूनच उचलावे आणि त्यातून नवी पाळी घडवावी. दूषित रक्त असताना, किंवा रक्तस्राव फार वा फारच थोडा असताना सांधू नये. तसे केल्यास पिकणे, काळसर सूज, पाळी न वाढणे असे परिणाम संभवतात.

४/ एवढे नाजूक काम शिष्याने प्रथम माणसावर करायचे नव्हते. त्याच सूत्रस्थानाचा ९वा अध्याय निव्वळ सरावाचा आहे. छेद घेण्यासाठी कोहळा, दुधी, काकडी. खरवडण्यासाठी केसाळ कातडे. पट्टी बांधण्यासाठी माणसाची प्रतिकृती. कर्णसंधानासाठी मात्र स्वतंत्र योजना होती: मऊ कातडे, मांसपेशी आणि कमळाचा देठ.

५/ शास्त्र पाठ असूनही ज्याचा हात बसलेला नाही, तो या अध्यायाच्या मते कर्मास अपात्रच. रुग्णाच्या दारी जाण्याचा विषय त्यानंतरच्या, १०व्या अध्यायात येतो. आणि तिथेही आधी राजाची अनुज्ञा लागते.