समुद्राला विचारून

होडी कधी सोडायची, हे भरती ठरवते. हा जुना धडा मी अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्व काठावरच्या एडन लँडिंगला शिकलो. एकोणिसाव्या शतकात शेतकरी इथून गलबतांनी शेतमाल पाठवत. पुढे मिठागरं आली, खाजणं बांधांआड गेली. २००३ साली या उपसागरातली १५,१०० एकर मिठागरं सरकारी ताब्यात आली. काही बांध फोडून भरतीला पुन्हा वाट दिली गेली.

त्या वाटेनं मी होडी लोटली. पक्षी पाहताना ओहोटीचं भान राहिलं नाही. परतताना वल्हं चिखलाला टेकू लागलं. जेमतेम काठ गाठला. त्या गलबतवाल्यांचंही वेळापत्रक हेच असणार. मध्ये किती बांध घातले, तरी निघायचं ते समुद्राला विचारूनच!