फ्लायव्हील जड की हलके? मागापासून स्पोर्ट्स कारपर्यंत

१/ विटा हे यंत्रमागांचे गाव. स्पोर्ट्स कारचा क्लच आणि फ्लायव्हील बदलताना पडणाऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथील मागावरच मिळते.

२/ तत्त्व कुंभाराच्या चाकाइतके जुने आहे. जड चाक शक्ती साठवते आणि हात काढला तरी फिरत राहते. १७८० च्या दशकात जेम्स वॅटने वाफेच्या इंजिनाची फिरती गती याच चाकाने एकसारखी राखली. १७८५ मध्ये एडमंड कार्टराइटने यंत्रमागाचे पेटंट घेतले. फणीच्या ठोक्याचा भार पुढे मागाच्या जड चाकाने पेलला.

३/ जुन्या मागाचा पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवला की माग थांबे, शाफ्ट मात्र फिरत राही. मोटारीत हे काम आधी चामडे लावलेल्या शंकूने, नंतर फ्लायव्हीलवर दाबल्या जाणाऱ्या तबकडीने केले.

४/ शर्यतीत इंजिनाचे फेरे झटकन चढावे लागतात, म्हणून तेथे चाक हलके. चढावर सुटताना मात्र तीच गाडी बंद पडते आणि क्लच अधिक झिजतो. स्प्रिंगचे दुहेरी फ्लायव्हील काढून एकसंध बसवले, तर धक्के पचवणाऱ्या स्प्रिंगा क्लचच्या तबकडीत हव्यात.

५/ म्हणून दोन्ही भाग जोडीनेच निवडावेत, आणि तेही गाडी रोज ज्या रस्त्यावर धावते तो पाहून.