ग्रहणाची तिथी आणि ग्रहणाचे भय

१/
इ.स.पू. सातव्या शतकातला असिरियाचा सम्राट एसरहद्दोन. इजिप्तपर्यंत सैन्य नेणारा, निनवेच्या सिंहासनाचा धनी. त्याच्या दरबारातील विद्वानांनी त्याला लिहिलेली मातीच्या विटांवरील काही पत्रे उपलब्ध आहेत. त्यांतल्या काही पत्रांत त्याला ‘राजा’ म्हटलेले नाही. ‘शेतकरी’ म्हटले आहे. त्या दिवसांत सिंहासनावर राजवस्त्रे लेवून दुसराच माणूस बसलेला होता. या अदलाबदलीचे कारण होते चंद्रग्रहण.

२/
मेसोपोटेमियात चंद्रग्रहण हा राजाच्या मृत्यूचा संकेत मानला जाई. ‘एनुमा अनु एन्लिल’ या सुमारे सत्तर विटांच्या शकुनसंग्रहात ग्रहणांसाठी स्वतंत्र विटा आहेत. चंद्रबिंबाचे चार भाग कल्पून प्रत्येक भाग एकेका देशाला वाटून दिलेला होता : अक्कद, एलाम, अमुर्रू आणि सुबार्तू. छाया ज्या भागावर पडेल, त्या देशाच्या राजावर संकट. ग्रहणकाळी गुरू आकाशात दिसत असेल, तर मात्र राजा सुरक्षित.

३/
संकेत प्रतिकूल असला की बदली राजा बसवण्याचा विधी होई. त्याला मुकुट मिळे, राणी मिळे, पक्वान्ने मिळत. सत्ता मात्र नसे. ही मुदत जास्तीत जास्त शंभर दिवसांची. त्यानंतर तो ‘आपल्या नियतीकडे जाई’, म्हणजेच मारला जाई, आणि भाकीत खरे ठरे. एका पत्रात एसरहद्दोनचा अधिकारी मार-इश्शार कळवतो की, अक्कदच्या मंदिरप्रमुखाचा मुलगा दम्की राजाच्या जागी मरण पावला असून त्याचे व त्याच्या राणीचे दफन इतमामाने करण्यात आले आहे.

४/
ही केवळ अडाणी भीती होती, असे मानणे सोपे आहे. पण ज्या विद्वानांनी हा विधी सांगितला, तेच त्या काळातले सर्वांत कसलेले आकाशनिरीक्षक होते. पुढच्या ग्रहणाचा संभव ते राजाला आगाऊ कळवत. बॅबिलोनमध्ये निरीक्षणांच्या नोंदी पिढ्यानपिढ्या, शतकानुशतके ठेवल्या गेल्या. इ.स.पू. ७२१ मधल्या तिथल्या चंद्रग्रहणाची नोंद आठशेहून अधिक वर्षांनी टॉलेमीने आपल्या गणितात वापरली.

५/
या नोंदींतून काय हाती लागले, हे समजण्यासाठी थोडी भूमिती हवी. प्रत्येक पौर्णिमेला ग्रहण होत नाही, कारण चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. हे दोन मार्ग जिथे छेदतात, त्या बिंदूंना ‘पात’ म्हणतात. पौर्णिमेचा चंद्र पाताजवळ असेल, तरच तो पृथ्वीच्या छायेत शिरतो. एरवी तो छायेच्या वरून किंवा खालून निघून जातो.

६/
बॅबिलोनच्या निरीक्षकांना असे आढळले की, २२३ चांद्रमासांनी, म्हणजे सुमारे १८ वर्षे, ११ दिवस आणि ८ तासांनी, ग्रहणांचा क्रम जवळजवळ जसाच्या तसा परत येतो. यालाच आज ‘सारोस’ चक्र म्हणतात. मेख आहे ती शेवटच्या ८ तासांत. तेवढ्या वेळात पृथ्वी तृतीयांश फिरलेली असते. त्यामुळे भाकीत केलेले ग्रहण होते खरे, पण अनेकदा क्षितिजाखाली, दुसऱ्याच कोणाच्या आकाशात. चक्र सापडल्यावरही पहारा सुटला नाही, याचे हे एक कारण.

७/
गणिताने भय संपवले, असा इतिहास सांगण्याची सवय जगभर आहे. बॅबिलोनचा पुरावा वेगळे सांगतो. तेथे भयामुळेच गणित जन्माला आले. राजाचा जीव पणाला लागला होता, म्हणून रात्रंदिवस नोंदी ठेवण्याची व्यवस्था उभी राहिली. तिथी कळली म्हणून विधी थांबला नाही. उलट विधीच्या तयारीला वेळ मिळाला.

८/
चीनमध्येही हेच दिसते. तेथे ग्रहणासाठी योजलेला शब्द मूळचा ‘खाणे’ या अर्थाचा. सूर्यग्रहण हा सम्राटाच्या आचरणावरचा ठपका मानत, म्हणून ग्रहण आगाऊ सांगणे हे दरबारी ज्योतिषांचे राजकीय काम होते. सांगितलेले ग्रहण दिसलेच नाही, तर काय? थांग आणि सुंग राजवटींत अशा वेळी दरबारी सम्राटाचे अभिनंदन करीत : त्याच्या पुण्याईने संकट टळले! गणिताची चूक राजाच्या गुणांत जमा होई.

९/
ग्रीसमध्ये इ.स.पू. पाचव्या शतकात अॅनॅक्सागोरसने स्वच्छ सांगितले की, चंद्राचा प्रकाश त्याचा स्वतःचा नाही, तो सूर्याकडून आलेला आहे आणि पृथ्वीच्या छायेमुळे चंद्रग्रहण होते. चंद्राच्या कलांचे कोडेही याच विचाराने सुटते. हा पेरिक्लीजचा स्नेही. तरीही त्याच्यावर अधर्माचा आरोप आला आणि त्याला अथेन्स सोडावे लागले. ज्ञान होते, ते उघडपणे बोलण्याची सोय नव्हती.

१०/
त्याची किंमत अथेन्सने समुद्रात मोजली. इ.स.पू. ४१३ च्या ऑगस्टमध्ये सिसिलीतील सिराक्यूजचा वेढा फसला होता. अथेन्सचे आरमार रात्रीतून निसटण्याच्या तयारीत असतानाच २७ तारखेला चंद्राला ग्रहण लागले. सेनापती निकियास शकुनांवर श्रद्धा ठेवणारा होता. ज्योतिष्यांनी सांगितले की, तीन वेळा नऊ, म्हणजे २७ दिवस थांबावे. तो थांबला. सैनिकांचा मोठा भागही थांबण्याच्याच मताचा होता, असे थ्युसिडिडीज सांगतो.

११/
त्या अवधीत सिराक्यूजने बंदराचे तोंड बंद केले. आरमार नष्ट झाले, पायी माघार घेणारे सैन्य कापले गेले, निकियासला मृत्युदंड झाला. किमान ७००० कैदी दगडाच्या खाणींत कोंडले गेले. पुढे प्लुटार्कने एका जुन्या शकुनज्ञाचे मत नोंदवले : पळून जाणाऱ्यांना अंधार हवाच असतो, तेव्हा ते ग्रहण खरे तर शुभ होते. म्हणजे शकुन मानूनही हजारो जीव वाचू शकले असते. त्या रात्री अर्थ कोण लावतो, यावर सारे अवलंबून होते.

१२/
आता काळ आणि सागर ओलांडून १५०४ मधल्या जमैकात. कोलंबसची किडलेली जहाजे किनाऱ्याला लागून महिने लोटले होते आणि तेथील रहिवाशांनी अन्न पुरवणे थांबवले होते. त्याच्याजवळ युरोपात छापलेली ग्रहगणिताची कोष्टके होती. त्याने प्रमुखांना बोलावून बजावले की, आपला देव रागावला आहे आणि तो चंद्र काळवंडून टाकील. २९ फेब्रुवारीच्या रात्री तसेच झाले, आणि अन्न पुन्हा येऊ लागले.

१३/
ही कथा ‘विज्ञानाचा विजय’ म्हणून अनेकदा सांगितली जाते. ती केवळ एका बाजूने, कोलंबसच्या गोटातून, आलेली आहे. त्या रात्री तेथील लोकांना काय वाटले, हे त्यांच्या शब्दांत कोठेही नाही. आणि विजय कसला? जे गणित दोघांच्याही चंद्राचे होते, ते एकाने दुसऱ्याचे अन्न मिळवण्यासाठी धमकी म्हणून वापरले. तिथी एकाजवळ, भय दुसऱ्याजवळ, अशी ही वाटणी होती.

१४/
भारतातली गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण येथे तिथी आणि भय एकाच ग्रंथात शेजारी बसले. समुद्रमंथनात अमृत चोरणाऱ्या, शिर तुटूनही अमर झालेल्या राहूची कथा सर्वांना ठाऊक होती. इ.स. ४९९ च्या सुमारास तेवीस वर्षांच्या आर्यभटाने ‘आर्यभटीय’ या ग्रंथात सांगितले की, सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची मोठी छाया झाकते. सहाव्या शतकात वराहमिहिरानेही ‘बृहत्संहिते’त राहू हे ग्रहणाचे कारण नाही, असे युक्तिवाद करून मांडले.

१५/
राहू मात्र गेला नाही. त्याचे रूप पालटले. चंद्रकक्षेच्या ज्या पाताजवळ ग्रहणे घडतात, त्याच पाताला ज्योतिषांनी राहू म्हटले, आणि समोरच्या पाताला पुढे केतू हे नाव रूढ झाले. हा बिंदू राशिचक्रातून उलट्या दिशेने सुमारे १८.६ वर्षांत एक फेरी पुरी करतो. पुराणातले धडाविना शिर गणितात एक चल बिंदू होऊन बसले. पंचांगात आजही राहू आहे तो याच अर्थाने, आणि त्याच्या शेजारी जुनाही अर्थ नांदतो आहे.

१६/
इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ रचला. त्यात त्याने आर्यभट, वराहमिहिर आदींवर टीका केली : राहू ग्रहणाचे कारण नाही असे म्हणणे वेद आणि स्मृतींच्या विरुद्ध आहे, ते खरे मानले, तर ग्रहणकाळच्या स्नान-दान-जपाचे फळ व्यर्थ ठरेल. आणि त्याच ग्रंथात तो पृथ्वीच्या छायेचा व्यास कसा काढावा, ग्रहणाचा स्पर्श आणि मोक्ष कसे गणावे, याचे उत्तम नियम देतो.

१७/
चारशे वर्षांनी, इ.स. १०३० च्या सुमारास, अल्-बिरूनीने भारताविषयीच्या आपल्या ग्रंथात हे वाचून आश्चर्य व्यक्त केले. इतका बुद्धिमान गणिती आपल्याच गणिताविरुद्ध का बोलतो? त्याचा तर्क असा की, सॉक्रेटिसवर आला तसा काही प्रसंग ब्रह्मगुप्तावर आला असावा. ग्रंथ लिहिताना तो अवघा तीस वर्षांचा होता, हेही तो आवर्जून नमूद करतो. गझनीच्या राजसत्तेखाली राहणाऱ्या विद्वानाला दुसऱ्या देशातील विद्वानाचा हा पेच लगेच उमगला, हे लक्षणीय आहे.

१८/
अल्-बिरूनीचा तर्क खरा असेलच असे नाही. ब्रह्मगुप्ताची श्रद्धा खरीही असू शकते. पेच मात्र खरा होता, आणि पुढे भास्कराचार्यांनी इ.स. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त त्यावर तडजोड मांडली : चंद्राला झाकते ती भूछायाच, पण ब्रह्मदेवाच्या वराने राहू त्या छायेत शिरतो. गणिताला धक्का नाही, पुराणालाही नाही.

१९/
या तडजोडीची एक शिळा महाराष्ट्रात उभी आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्या मठाला दान दिले. शिलालेखाच्या अखेरच्या ओळी जुन्या मराठीत आहेत.

२०/
या दानाचा मुहूर्त पाहण्याजोगा आहे : श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण, इंग्रजी कालगणनेने ९ ऑगस्ट १२०७. ग्रहण म्हणजे छाया, हे शिकवणाऱ्या शाळेला दान मिळाले ते ग्रहण हा पुण्यकाळ मानल्यामुळे. ब्रह्मगुप्ताला ज्या दान-धर्माची चिंता होती, त्याच दानधर्मावर येथे गणिताचे अध्ययन पोसले गेले.

२१/
पुढे इ.स. १५२० मध्ये कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ रचून ज्या-चापांची किचकट आकडेमोड टाळणारी रीत दिली. महाराष्ट्रातील पंचांगे कित्येक पिढ्या या ग्रंथावर चालली. गावोगावच्या जोश्याला ग्रहणाचा स्पर्श, मध्य आणि मोक्ष काढता येऊ लागला. त्याच पंचांगात वेध कधी लागतात, काय खाऊ नये आणि काय दान द्यावे, हेही छापले जाऊ लागले.

२२/
पण गावात दान पोचत होते कोणाकडे? ग्रहण सुटताना ‘दे दान, सुटे गिराण’ अशी हाक देत येणारे लोक बहुधा गावकुसाबाहेरचे, अस्पृश्य ठरवलेल्या जातींतले असत. जुने कपडे, मूठभर धान्य त्यांच्या पदरात पडे आणि त्याबरोबर आपली पीडाही गेली, असे देणाऱ्याला वाटे. दम्कीच्या डोक्यावर मुकुट ठेवणाऱ्यांची समजूत याहून फार वेगळी नव्हती. संकट टळत नसेल, तर ते दुसऱ्याच्या अंगावर सोपवावे.

२३/
पृथ्वीच्या छायेचा आकार अडीच हजार वर्षांत बदललेला नाही. त्या छायेची वेळ आधी कळल्यावर राजाच्या जागी एकाचा बळी गेला, जमैकात अन्न उकळले गेले, पाटणला शाळेला दान मिळाले आणि गावकुसाबाहेर शिळी पीडा वाटली गेली. ग्रहण केव्हा लागणार, याचे उत्तर गणिताने केव्हाच दिले. त्याचा भार कोणी वाहावा, हा प्रश्न गणिताचा नव्हता. तो प्रत्येक समाजाने स्वतःच सोडवला, आणि ती उत्तरे विटांवर, शिळांवर आणि गावाच्या वेशीवर नोंदलेली आहेत.