पळवणकर बाळू : विकेट आमच्या, कप्तानी त्यांची

"खेळात राजकारण आणू नका" हा सल्ला आपल्याला नेहमी ऐकवला जातो. मित्रांनो, भारतीय क्रिकेटचा इतिहास वाचला की कळतं, राजकारण तिथे आपण आणलेलं नाही. ते आधीपासूनच होतं.

मुंबईतली ब्रिटिशकाळातली सर्वात मोठी स्पर्धा आठवा. संघ कोणते? युरोपियन, पारशी, हिंदू आणि 1912 पासून मुस्लिम. संघाचं नावच धर्मावरून! इंग्रजांना हरवायचं असेल तर हिंदू संघाला उत्तम गोलंदाज हवा होता आणि तो चांभार समाजात जन्मला होता : पळवणकर बाळू.

पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखणारा हा कामगार. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता तो डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणून तयार झाला. पुण्याच्या हिंदू संघाने त्याला घेतलं, पण चहाच्या सुट्टीत त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. त्याने टाकलेला चेंडू चालत होता, त्याने हात लावलेला कप चालत नव्हता. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, बाळूंनी मात्र दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. कप्तान महाराजा, राबणारा बाळू.

इतकं करूनही हिंदू संघाची कप्तानी त्यांना कधीच रीतसर मिळाली नाही. 1920 साली तर त्यांना संघातूनच वगळलं. तेव्हा त्यांचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी जाहीर निवेदन काढून खेळायला नकार दिला. मग धावपळ झाली आणि बाळू उपकप्तान म्हणून परत आले. 1923 साली विठ्ठल कप्तान झाले, आणि त्यांच्या हाताखाली सवर्ण खेळाडू खेळले. हिंदू संघ युरोपियनांविरुद्ध जिंकला. नुसत्या गुणवत्तेने ही कप्तानी मिळाली असती, तर ती बाळूंना कितीतरी आधी मिळाली असती. भावांनी एकजुटीने नकार दिला, तेव्हा दार उघडू लागलं.

आता 1932 कडे या. बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ मिळवले होते. गांधीजींच्या उपोषणाच्या दबावाखाली 24 सप्टेंबरला पुणे करार झाला. त्यावर बाळूंचीही सही आहे. पुढे 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात उमेदवार दिला, तो हाच लाडका क्रिकेटपटू. बाबासाहेब जिंकले, पण लढत अटीतटीची झाली. फरक दोन हजारांच्या आसपासच होता.

काही जण यावरून बाळूंना गद्दार ठरवतात. मला ते पटत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर हिंदू संघाकडून खेळून मान मिळवला, त्याला हिंदू समाजात राहूनच अस्पृश्यता संपेल असं वाटणं शक्य होतं. आपण त्यांच्याशी मतभेद ठेवू, त्यांचा खेळ नाकारू नये.

प्रश्न त्यांना वापरणाऱ्यांना विचारायचा. संयुक्त मतदारसंघातली राखीव जागा म्हणजे काय? आमचा माणूस संघात घ्यायचा, पण तो कोण असेल हे ठरवताना बहुमत त्यांचं! बाबासाहेबांचा आक्षेप नेमका हाच होता. क्रिकेट संघात बाळूंच्या बाबतीत जे झालं, तेच कायदेमंडळाच्या जागांबाबत होऊ घातलं होतं.

म्हणून आपला खेळाडू मैदानात दिसला की टाळ्या जरूर वाजवा, पण तिथे थांबू नका. निवड समितीत कोण आहे, मंडळाच्या खुर्चीवर कोण आहे, कप्तान कोण ठरवतो, हे विचारा. हा प्रश्न खेळात राजकारण घुसवत नाही. तो प्रतिनिधित्वाचा प्रश्न आहे, आणि तो विचारायला आपल्याला बाबासाहेबांनी शिकवलं आहे.

जय भीम!