कवितेचा प्रबंध

इंग्रजीत एम. ए. करायचे तर प्रबंध हवाच, ही अट वाटते तितकी जुनी नाही. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदवीधराला ठरावीक वर्षे उलटली की एम. ए. आपसूक मिळते, प्रबंध नाही की परीक्षा नाही. अमेरिकेतल्या जुन्या कॉलेजांतही हाच शिरस्ता होता. १८७६ साली बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ जर्मन वळणावर उभे राहिले आणि हळूहळू संशोधन हेच उच्च शिक्षणाचे काम ठरले. इंग्रजीच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला व्युत्पत्ती, पाठभेद आणि हस्तलिखिते आली. साहित्याविषयी लिहील तो अभ्यासक. साहित्य लिहील त्याने ते घरी लिहावे.

१९२२ साली आयोवा विद्यापीठाने ही भिंत पाडली, असे सांगतात. पदव्युत्तर विभागाचे प्रमुख कार्ल सीशोर हे मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या कारकिर्दीत सर्जनशील कृतीही प्रबंध म्हणून चालेल, असे जाहीर झाले. पण यात नियम सैल झाला असे मला वाटत नाही. अट कायम राहिली, कवितेलाच तिच्या चौकटीत यावे लागले: मार्गदर्शक, परीक्षक, मुदत, ग्रंथालयात ठेवायची प्रत. (आपल्याकडे यात नवल वाटू नये. ‘गीतगोविंदा’तल्या गीतांना प्रबंधच म्हणतात.) १९३२ मध्ये पॉल एंगल यांना कवितांवर एम. ए. मिळाली आणि त्याच वर्षी त्यांचा ‘वॉर्न अर्थ’ हा संग्रह येल विद्यापीठाच्या तरुण कवींच्या मालेत निघाला. वॉलेस स्टेग्नर यांनी एम. ए.साठी कथा दिल्या. डॉक्टरेटला मात्र ते क्लॅरेन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञाच्या लेखनाकडे वळले.

यावरचा आक्षेप उघड आहे: कवितेला पास-नापास कसे करणार? समीक्षेच्या प्रबंधातही शेवटी परीक्षकाची रुची बोलते, हे उत्तर अर्धेच खरे. हस्तलिखिताचा काळ चुकला तर दाखवून देता येतो. कथा निर्जीव आहे हे कशाने सिद्ध करणार? मला वाटते, म्हणूनच १९३६ साली आयोवात सुरू झालेल्या लेखन कार्यशाळेत पुनर्लेखनाला एवढे मोल आले. प्रतिभा मोजता येत नाही, पण पहिल्या खर्ड्यापासून शेवटच्या खर्ड्यापर्यंतचा प्रवास तरी दिसतो. फ्लॅनरी ओ’कॉनर यांनी १९४७ साली सहा कथांचा प्रबंध दिला. त्यांची पदवी एम. एफ. ए., म्हणजे एम. ए.चे सख्खे भावंड. परीक्षकांनी प्रबंध मान्य केला. लेखिकेने त्यातली ‘द जिरेनियम’ ही कथा मात्र संपली असे मानले नाही. ती पुन्हा पुन्हा लिहिली. १९६४ साली त्या वारल्या आणि पुढच्या वर्षी निघालेल्या संग्रहात शेवटी तीच कथा ‘जजमेंट डे’ या नावाने छापली गेली.