समस्थानिक विरलन

मिश्रणातील घटकाचे प्रमाण त्याच घटकाचे निराळे समस्थानिक मिसळून मोजण्याची पद्धत. मास स्पेक्ट्रोमीटर वेगवेगळ्या वस्तुमानांच्या आयनांचे गुणोत्तर नेमके देतो. मूळ नमुन्यात पदार्थ किती होता, हे तो आपणहून सांगत नाही.

कृती : वजन करून घेतलेले समृद्ध समस्थानिक (प्रयोगशाळेच्या बोलीत ‘स्पाइक’) नमुन्यात अगदी आरंभी घालतात. समजा, सीरममध्ये ड्यूटेरियमयुक्त कोलेस्टेरॉल १० मायक्रोग्रॅम घातले आणि साध्या व ड्यूटेरियमयुक्त रेणूंचे गुणोत्तर २:१ आले, तर मुळात सुमारे २० मायक्रोग्रॅम कोलेस्टेरॉल होते. दोन्ही एकजीव झाल्यावर गाळताना वा आटवताना अर्धा द्रव सांडला तरी उत्तर बदलत नाही. एकजीव होण्याआधीच काही वाया गेले, तर मात्र उत्तर चुकते.

इतिहास : जॉर्ज द हेव्हेशी यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी किरणोत्सारी शिसे वापरून खडकातील शिसे मोजले.

क्लेअर पॅटरसन व शिसे : शिकागो विद्यापीठात झिरकॉनमधील शिसे मोजताना पॅटरसन यांचे आकडे अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त येत. दोष यंत्राचा नव्हता. हवा, पाणी, आम्ले, भांडी या सर्वांतून शिसे नमुन्यात उतरत होते. स्पाइक घातल्यावर होणारी गळती ही पद्धत सावरून घेते, बाहेरून आलेली भर नाही. पुढे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत त्यांनी गाळलेल्या हवेची खोली उभारली आणि आम्ले पुन्हापुन्हा शुद्ध करून वापरली. १९५६ मध्ये त्यांनी शिशाच्या समस्थानिकांवरून काढलेले पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे प्रसिद्ध केले. १९८० मध्ये डोरोथी सेटल यांच्यासह ताज्या ट्यूना माशाच्या स्नायूत त्यांना ग्रॅममागे अवघे ०.३ नॅनोग्रॅम शिसे आढळले. दुसऱ्या प्रयोगशाळेचा आकडा सुमारे ४०० होता. हजारपटीहून मोठा हा फरक माशातला नव्हता, हाताळणीतला होता.

भारत : तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात अणुइंधनातील युरेनियम व प्लुटोनियम या पद्धतीने मोजतात. युरेनियमसाठी युरेनियम-२३३ हा स्पाइक चालतो.

मर्यादा : फ्लुओरीन, सोडियम, ॲल्युमिनियम, आर्सेनिक व सोने यांचे स्थिर समस्थानिक एकच असल्याने त्यांना ही पद्धत सहसा लागू पडत नाही. स्पाइक महाग असतात. नमुना न घालता हीच सारी कृती करून मिळणारा ‘कोरा’ आकडा निकालाशेजारी छापलेला नसेल, तर शिशाच्या सूक्ष्म मापनावर विसंबू नये.