साडेसात तोळे म्हणजे नेमके किती?

गेल्या रमजानमध्ये खालाने विचारले, "माझ्याकडे पाटल्या आणि बांगड्या मिळून ८० ग्रॅम सोने आहे. मला जकात लागू होते का रे?" सोन्याचा निसाब, म्हणजे ज्या मर्यादेपासून जकात देणे बंधनकारक होते ती मर्यादा, साडेसात तोळे आहे हे तिला लहानपणापासून पाठ होते. माझी भाची तेव्हा अकरावीत होती आणि रसायनशास्त्रात एककांची रूपांतरे नुकतीच शिकली होती. तिने वही ओढली. ७.५ तोळे गुणिले १० ग्रॅम, भागिले १ तोळा. वरचा-खालचा 'तोळा' काटला. उत्तर ७५ ग्रॅम. ८० हे ७५ पेक्षा जास्त, म्हणून जकात लागू.

रीत अगदी बरोबर होती. तोळा चुकला होता.

आज आपल्याकडच्या सराफ बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम असे सगळेच धरून चालतात. पण साडेसातचा आकडा ज्यांनी काढला, त्यांच्यासमोर हा तोळा नव्हता. त्यांचा तोळा बारा माशांचा, मासा आठ गुंजांचा. गुंज म्हणजे वेलीवरची ती लाल-काळी बी, सोनारांच्या तराजूत शतकानुशतके पडलेली. बी शेवटी बीच. एक जरा टपोरी, एक जरा बारीक. त्यामुळे गावोगावचा तोळाही कमीजास्त असे. १८३३ साली ईस्ट इंडिया कंपनीने तोळा १८० ग्रेनवर बांधला आणि रुपयाचे नाणेही तेवढ्याच वजनाचे ठेवले. 'रुपयाभार' हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी असायचा, तो याच वजनाचा. आजच्या मापात तो तोळा ११.६६४ ग्रॅम भरतो. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली आणि तोळा सरकारदरबारातून गेला. बाजाराने मात्र नाव सोडले नाही, वजन तेवढे हिशेबाला सोपे करून घेतले. तेव्हा साडेसात तोळे म्हणजे ७५ ग्रॅम नाहीत, ८७.४८ ग्रॅम आहेत. खालाचे सोने जुन्या मापाने सहा तोळे दहा मासे आणि वर थोडेसे. निसाबाच्या आत.

(रोख किंवा चांदीही जवळ असेल तर हिशेब वेगळा होतो. तो मसला उलमांना विचारावा. माझा विषय इथे फक्त मापाचा आहे.)

पण साडेसात हा आकडा तरी आला कुठून? फिकहच्या ग्रंथांत तोळा नाहीच. तिथे सोन्याचा निसाब २० मिस्काल आणि चांदीचा २०० दिरहम आहे. उमय्या खलिफा अब्दुल मलिक याने सातव्या शतकाच्या शेवटी आपली नाणी पाडली, तेव्हापासून सोन्याचा दिनार हेच एक मिस्काल वजन झाले आणि दहा दिरहम बरोबर सात मिस्काल हे प्रमाण पक्के बसले. प्रमाण पक्के, पण एका मिस्कालाचे वजन सांगायचे कसे? धान्याच्या दाण्यांनी. हनफी ग्रंथांत मिस्काल २० किरातांचा आणि किरात ५ जवांचा, म्हणजे १०० जव. इतर मजहबांत साधारण ७२ जव. (सोन्याच्या शुद्धतेचा आपला 'कॅरट' याच किरातच्या घरातला, मुळात तीही एका झाडाची बी.) आपल्या देशातल्या उलमांनी मिस्काल साडेचार माशांचा धरला. आता भाचीच्याच रीतीने मांडा: २० मिस्काल गुणिले साडेचार मासे, ९० मासे, भागिले १२, साडेसात तोळे. चांदीचे साडेबावन तोळेही याच साखळीतून येतात: दिरहम म्हणजे साडेचार माशांचे सात दशांश, ३.१५ मासे, ते २०० वेळा घेतले की ६३० मासे.

अरब देशांतले अनेक आलिम दुसऱ्या वाटेने गेले. त्यांनी संग्रहालयांतले जुने दिनार पाहिले. त्यांचे वजन सुमारे ४.२५ ग्रॅम भरते. वीसपट केली की ८५ ग्रॅम. आपला ८७.४८ आणि त्यांचा ८५, दोन्ही एकाच वीस मिस्कालांची रूपांतरे आहेत. एकाच्या मुळाशी गुंज आहे, दुसऱ्याच्या मुळाशी नाणे.

मिस्काल आणि तोळा यांची गाठ घालणारा पहिला मोठा माणूस मला माहीत आहे तो अबू रैहान अल-बिरुनी. ख्वारिज्ममध्ये ९७३ साली जन्मलेला हा विद्वान महमूद गझनवीच्या काळात हिंदुस्थानच्या वायव्य भागात आला, संस्कृत शिकला आणि १०३० च्या सुमारास त्याने हिंदुस्थानवर ग्रंथ लिहिला. त्यातले पंधरावे प्रकरण मापांवर आहे. आम्ही जसा मिस्काल वापरतो तसा हे लोक तोळा वापरतात, असे सांगून तो रूपांतर करतो: तोळा म्हणजे आमचे तीन दिरहम, दहा दिरहम म्हणजे सात मिस्काल, म्हणून तोळा २.१ मिस्काल. अकरावीच्या वहीत शोभेल अशी मांडणी!

पण जरा थांबा. साडेचार माशांच्या हिशेबाने तोळा २.६७ मिस्कालांचा येतो, बिरुनीचा २.१ चा. ४.२५ ग्रॅमचा मिस्काल घेतला तर त्याने पाहिलेला तोळा नऊ ग्रॅमलाही जरा कमी पडतो. म्हणजे नऊ ग्रॅमच्या आतला, ११.६६ ग्रॅमचा आणि १० ग्रॅमचा, असे तीन तोळे, आणि नाव एकच.

याच बिरुनीने एक काम असेही केले की ज्यात मिस्काल किती ग्रॅमचा हा प्रश्नच उरला नाही. निमुळत्या तोंडाचे, शंकूसारखे एक भांडे त्याने करून घेतले. त्याच्या मानेला खाली वळलेली तोटी. भांडे तोटीपर्यंत पाण्याने भरायचे, त्यात १०० मिस्काल धातू हळूहळू सोडायचा आणि तोटीतून सांडलेले पाणी तोलायचे. सोन्याने ५ मिस्काल, १ दानिक आणि २ तस्सूज पाणी सांडले. सहा दानिकांचा मिस्काल, चार तस्सूजांचा दानिक, म्हणजे ५.२५ मिस्काल. शंभरला ५.२५ ने भागा: १९.०५. आजच्या पुस्तकात सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट आहे. पाऱ्याने ७ मिस्काल, २ दानिक, १ तस्सूज पाणी सांडले, उत्तर १३.५६, आजच्या आकड्याला चिकटून. शिसे ११.३२; आजचे ११.३४.

मिस्काल ४.२५ ग्रॅमचा असो की ४.३७ चा, भागाकारात तो वरून आणि खालून दोन्हीकडून कटतो. बिरुनीच्या निसाबाचे ग्रॅम काढताना आपण अजून वाद घालतो. त्याने काढलेल्या घनतेबद्दल कोणाला वाद घालावा लागत नाही.

हे आकडे आपल्यापर्यंत आणले मर्वच्या अल-खाजिनीने. गुलाम म्हणून आलेला हा मुलगा पुढे शास्त्रज्ञ झाला. ११२१ च्या सुमारास त्याने सेल्जुक सुलतान संजरच्या खजिन्यासाठी 'मीजानुल हिकमा' हा तराजूवरचा ग्रंथ लिहिला. पाच पारड्यांचा त्याचा तराजू दागिना न मोडता, न वितळवता त्यातली भेसळ सांगण्यासाठी होता. खजिन्यात येणारे सोने खरे की मिश्र, हा प्रश्न संजरच्या खजिनदाराला होता तसाच खालालाही आहे. तिच्या पाटल्या २२ कॅरटच्या. ८० ग्रॅममधले शुद्ध सोने ७३.३ ग्रॅमच. हनफी मतात ज्यात सोने जास्त ते सोनेच, म्हणून तिला पूर्ण ८० धरायला सांगितले गेले.

भाचीने पहिले उत्तर खोडले आणि १० च्या जागी ११.६६४ लिहून गणित पुन्हा मांडले. मशिदीबाहेर लागलेल्या फलकावर मात्र या वर्षीही फक्त 'साडेसात तोळे' असेच छापलेले होते. सराफाची पावती ग्रॅममध्ये असते, फलकावरही ८७.४८ ग्रॅम छापायला काय हरकत आहे, असे मी तिथल्या हाफिजसाहेबांना विचारले. ते म्हणाले, पुढच्या वर्षी छापू.